चहाचा हात

ऑक्टोबर लागला की भिवंडीला दोन बाजूंनी वास येतो. खाडीच्या अंगानं येतो तो कापलेल्या भाताचा, वाळत चाललेल्या चिखलाचा, आणि पावसाळा अजून संपलाच नाही अशा समजुतीत त्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या माशांचा. गावाच्या अंगानं येतो तो लूमच्या तेलाचा, सुताला लावायच्या खळीचा, हवेत तरंगणाऱ्या रुईच्या तुसाचा. हे दोन वास अंजूरफाट्याच्या आसपास समोरासमोर येतात, कुणीच कुणाला बाजू देत नाही, आणि मध्ये जो उभा असेल तो शिंकून शिंकून अर्धा होतो. माझ्या ओळखीचा एक जाडा माणूस असाच बारीक झालाय.

मला मात्र या दिवसांत तिसराही वास येतो. गंधकाचा. डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणाला, नाकाचा फोटो काढू. फोटोत गंधक काय दिसणार? पण दुपारी लाईट जाते, अख्ख्या गावाचे लूम एका दमात थांबतात, कानाला दडे बसावेत अशी शांतता पडते, आणि त्या शांततेत तो वास हमखास येतो. त्याच्या पाठोपाठ दामूआप्पा येतो, हमीदशेठ येतो, आणि एका नगराध्यक्षाची खुर्ची खाऊन ढेकरही न दिलेला तो कटिंग चहा येतो.

मी साऊंडवाला. हळद, उरूस, गणपती, निवडणूक, भिवंडीत जिथं जिथं आवाज मोठा करायचा असतो तिथं माझा भोंगा असतो. गाव मला भोंग्याच म्हणतं. मी वाढवून सांगतो असा माझ्यावर जुना आरोप आहे. तो मला मान्य नाही. भोंगा आवाज मोठा करतो, आवाज तयार करत नाही. तेवढं लक्षात ठेवून पुढं वाचा.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतरचा तो ऑक्टोबर. इतकं उकडत होतं की खाडीतल्या चिंबोऱ्या आपल्या पायांनी चालत गावात यायच्या आणि कुणाच्या चुलीवर रस्सा तयार आहे याची चौकशी करायच्या. शेडमधल्या कामगाराचा घाम जमिनीवर पडायच्या आत वाफ होऊन पत्र्याला चिकटायचा, आणि संध्याकाळी पत्रा निवला की थेंब थेंब त्याच्याच डोक्यात परत पडायचा. कामगार म्हणायचे, "सेठ, बारिश आयी!" आणि शेठ म्हणायचे, "पानी नहीं है बाबा, तेरीच मेहनत है."

आणि तो आवाज. ज्यानं भिवंडी पाहिली नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. खटक-खटक, खटक-खटक, भिंतीतून, जमिनीतून, जेवताना घासातून. आमच्याकडं जन्मलेलं मूल रडत नाही, आधी हात हलवतं. रडून काही ऐकू जायचं नाही हे त्याला आईच्या पोटातच कळलेलं असतं. शेडमध्ये माणसं हातांनीच बोलतात. अंगठा ओठाकडे नेला की पाणी. दोन बोटं ओठाला लावली की बिडी. तळहात गळ्यावरून फिरवला की धागा तुटलाय, लूम थांबव. आणि हात सरळ वर करून तर्जनी अर्धी वाकवली की कटिंग, म्हणजे अर्धा कप चहा. ही भाषा शाळेत शिकवत नाहीत, पण गावातला मुलाणी, मारवाडी, आगरी, यूपीचा भैया, तेलंगणातला कारागीर, सगळे ती एकाच उच्चारात बोलतात. भाषेवरून भांडण होऊ नये असं वाटत असेल तर माणसांना तोंडं उघडूच देऊ नयेत, असं माझं मत या भाषेमुळंच झालंय.

आमचा दामूआप्पा ही भाषा बोलणारा पहिला नगराध्यक्ष. अंजूरच्या बाजूचा, खाडीकाठच्या भातशेतीतला. तरुणपणी दोन पावसाळ्यांच्या मधे गावात येऊन हमीदशेठच्या बापाच्या मागावर काम करायचा. हमीद तेव्हा हमीदशेठ नव्हता, नुसताच हमीद होता, आणि बापाच्या भीतीनं शेजारच्या मागावर उभा असायचा. तिथं दोघांची दोस्ती झाली. ती दोस्ती बहुतेक हातांनीच झाली, म्हणून असेल, पण फार पक्की झाली. पुढं दोघं एकाच पक्षातून नगरसेवकही झाले. मधल्या काळात गावानं वाईट दिवस पाहिले. त्या दिवसांत हमीदशेठचं कुटुंब आप्पाच्या ओटीमागच्या खोलीत राहिलं, आणि आप्पाचा कापणीचा सगळा भात हमीदशेठच्या शेडमध्ये सुताच्या गठ्ठ्यांमागं सुरक्षित राहिला. ते दोघंही त्याबद्दल बोलत नाहीत. मी भोंग्या असूनही बोलत नाही.

आप्पाची नगराध्यक्ष म्हणून एकच खोड होती. गटारं. दर रविवारी सकाळी तो आपल्या पक्षाच्या नगरसेवकांना घेऊन गटारांच्या कडेनं पायी निघायचा. पुढं आप्पा, हातात काठी, ती गटारात घालून खोली बघणार. मागं पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली अख्खी पार्टी, नाकाला रुमाल लावून. "बगा, हितं तुंबलंय. हा तुमचा वॉर्ड ना, गजाभाऊ? उतरा खाली." आणि गजाभाऊ उतरायचे. गजाभाऊ म्हणजे पक्षाचा तरुण, तडफदार, उगवता नेता. त्यांची इस्त्री इतकी कडक असायची की बसताना पायजम्याचा आवाज यायचा. असा माणूस दर रविवारी गुडघ्यापर्यंत गटारात. लोक म्हणतात आप्पाविरुद्ध बंड झालं ते नगरसेवकांच्या मेहुण्यांना कामं मिळाली नाहीत म्हणून. असेल. पण मला विचाराल तर ते बंड धोब्याकडे सुरू झालं.

पुढाऱ्याचा पाठिंबा जातो म्हणजे नेमकं काय जातं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. तो एकदम जात नाही. आधी त्याच्या विनोदावर लोक अर्धा विनोद झाल्यावरच हसत असतात, ते पूर्ण झाल्यावर हसू लागतात. मग शेजाऱ्याला विचारून हसतात. मग हारातली फुलं विरळ होतात आणि दोरा दिसू लागतो. माझ्या धंद्यात याची एक पक्की मोजपट्टी आहे: हळदीच्या मांडवात पुढाऱ्याला कुठं बसवतात ती. चढता पुढारी नवरदेवाच्या बापाशेजारी. स्थिरावलेला पुढारी पंख्याखाली. आणि उतरता पुढारी माझ्या स्पीकरच्या तोंडाशी. त्या उन्हाळ्यात मी आप्पाला चार हळदींत स्पीकरच्या तोंडाशी पाहिलं. मी आवाज कमी केला तर तो म्हणाला, "नको रं, वाढव. मना लूमची सवय हाय."

एकदा मी त्याला म्हणालो, "आप्पा, माणसं फिरतायत."

"फिरू दे. खुर्ची काय, आज हाय, उद्या न्हाय. माजी एकच अट हाय." आप्पा विडी पेटवत म्हणाला, "हमीद न्हाय जायला पायजे. बाकी सगले गेले तरी चालंल."

तेवढीच त्याची सगळी मोजणी होती. बाकीचे बोटांवर माणसं मोजत होते. आप्पा एकच मोजत होता.

मग गजाभाऊंनी नगरसेवक पळवले. आता नगरसेवक पळवायची एक रीत असते. दूर नेतात, डोंगरावर, समुद्रावर, दुसऱ्या राज्यात. आमच्या गजाभाऊंचा हात आखडता. त्यांनी नेले अकलोलीला. वज्रेश्वरीच्या पलीकडं, गरम पाण्याच्या कुंडांवर. ऑक्टोबरातल्या उकाड्यात गरम पाण्याच्या कुंडात! निम्मी पार्टी पंचे नेसून, मानेइतक्या उकळत्या पाण्यात बसून बंडाच्या आणाभाका घेत होती. म्हणतात की त्या दिवसांत कुंडाच्या कडेला बसलेला एक बगळा शिजला. मी बगळा पाहिला नाही, पण नगरसेवक परतले ते पाहिले. लालबुंद, उकडलेल्या कोलंबीसारखे, आणि प्रत्येकाच्या अंगाला गंधकाचा वास. गंधक कसं असतं, साबणानं जात नाही, अंगात मुरतं. साताठ दिवस तो माणूस जिथं जाईल तिथं आपण कुठं जाऊन आलो ते सांगत फिरतो.

आप्पाच्या ओटीवर पक्षाची बैठक झाली. एकेक जण येई, "नमस्कार आप्पा," म्हणून वाकून बसे, आणि आप्पाचं नाक हले. "कं गजाभाऊ, तब्येत?" हुंग. "बरी हाय आप्पा." "सर्दी-बिर्दी?" हुंग. "न्हाय आप्पा." "मग बरं हाय. अकलोलीचं पानी सर्दीवर लय चांगलं." गजाभाऊंचा लाल चेहरा आणखी लाल व्हायला जागाच नव्हती, तरी त्यांनी ती काढली.

आतून यमुनाकाकी, आप्पाची बायको, चहाचा ट्रे घेऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमी नगराध्यक्ष हाव का पोलीसचा कुत्रा? येनाऱ्या मानसाला इचारा काय ते. हुंगताव कशाला?"

सगळे हसले. आप्पाही हसला. पण हुंगायचा थांबला नाही. दोन दिवसांत गावभर झालं की आप्पा माणसं हुंगून ओळखतो. लोक त्याच्या दारावरून जाताना श्वास रोखून जाऊ लागले, जणू श्वास रोखला की अंगाचा वासही आतच राहतो.

तिसऱ्या दिवशी हमीदशेठ आला. नेहमीसारखाच, पांढरी टोपी, दाढीला मेंदी, चालताना थोडा उजव्या अंगाला कललेला. आणि त्याच्या अंगाला अत्तराचा असा घमघमाट की ओटीवरच्या माश्या चक्कर येऊन पडल्या. हमीदशेठ अत्तर लावायचा, पण जुम्म्याला, कानामागं, एक बोट. त्या दिवशी मात्र त्यानं बाटलीच अंगावर ओतली असावी. आप्पा उठून त्याच्याजवळ गेला. नाक हललं. एकदा. मग आप्पा जाऊन जागेवर बसला आणि भाताच्या भावाबद्दल बोलू लागला.

मी कोपऱ्यात माझी वायर गुंडाळत होतो. वायर गुंडाळून झाली होती, तरी गुंडाळत राहिलो.

अविश्वास ठरावाचा दिवस आला. पालिकेचं सभागृह, उकाड्यामुळं सगळ्या खिडक्या उघड्या, आणि गल्लीच्या पलीकडं लूमची शेड. म्हणजे सभागृहात आम्ही बसलो होतो एवढंच, बोलत होते ते लूम. ठराव होता आप्पाच्याच पक्षाच्या लोकांचा, आप्पाविरुद्ध. अध्यक्षस्थानी ठाण्याहून आलेले एक साहेब. गोरे, नेटके, हातात घडी घातलेला रुमाल. ते भिवंडीत प्रथमच आले होते, आणि दर थोड्या वेळानं खिडकीकडे बघून कपाळाला आठी घालत होते, जणू तो आवाज थोड्या वेळात संपणार आहे. माईक माझा होता. त्याचा काही उपयोग नव्हता. लूमसमोर माझा भोंगा म्हणजे लग्नाच्या बँडसमोर पिपाणी.

हिशेब असा होता की ठराव मंजूर व्हायला जेवढे हात लागत होते त्यात एक कमी पडत होता. गजाभाऊंनी खूप धुंडला, पण तो एक मिळत नव्हता. हमीदशेठ खिडकीशेजारी बसला होता. शेडच्या सगळ्यात जवळ, कारण त्याला तिथं घरच्यासारखं वाटायचं. उभी हयात लूममध्ये गेल्यानं त्याचे कान तसेही शोभेपुरतेच उरले होते.

साहेब उभे राहिले. "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

खटक-खटक, खटक-खटक. गजाभाऊंचा हात वर गेला. त्यांच्यामागं गंधकाच्या वासाचे सगळे हात वर गेले. साहेब बोट दाखवत मोजू लागले. आणि नेमकं त्याच वेळी दारात रामलखन उभा राहिला. रामलखन म्हणजे पालिकेपासून बंदरापर्यंतचा चहावाला. मिशा अशा की त्यावर कपड्यांची दोरी बांधावी, हातात किटली, आणि नजरेनंच ऑर्डर घेणारा. त्याची नजर खिडकीकडे गेली. भुवई उडाली. हमीदशेठचा चेहरा खुलला, आणि त्यानं हात सरळ वर केला.

तर्जनी अर्धी वाकलेली.

सभागृहातल्या प्रत्येक भिवंडीकराला ते बोट दिसलं. साहेबांना हात दिसला. त्यांनी त्याच्याकडं बोट केलं, कागदावर लिहिलं आणि म्हणाले, "ठराव मंजूर झालेला आहे."

आणि लाईट गेली.

लूम थांबले. पंखे थांबले. माझा माईक मेला. गावावर ती कान बधिर करणारी शांतता पडली, आणि त्या शांततेत, लूमवर आवाज चढवायची जन्माची सवय असलेल्या हमीदशेठची आरोळी सभागृहाच्या छताला जाऊन आदळली:

"ए रामलखन! आपुनकी कटिंग में शक्कर कम, अदरक जादा!"

साहेबांनी माझ्याकडं वळून विचारलं, "हे काय म्हणताहेत?"

"साहेब," मी म्हणालो, "तो हात चहाचा होता."

"नियमात चहाचा हात असं काही नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "हात म्हणजे हात."

हमीदशेठला काय झालं ते तेव्हा उमगलं. तो उठला आणि दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवू लागला. साहेब म्हणाले, "आता दोन्ही वर करून उपयोग नाही. एका सदस्याचा एकच हात मोजला जातो." गजाभाऊंच्या बाजूला कुणीतरी हसलं, आणि मग कुणीच हसेना.

आप्पा खुर्चीवरून उठला. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं खुर्चीची बैठक पुसली, पुढं बसणाऱ्यासाठी. बाहेर जाताना तो हमीदशेठच्या जवळून गेला. त्याचं नाक एकदा हललं. मला दिसलं. हमीदशेठलाही दिसलं. त्याचे हात तसेच वर होते, ते हळूहळू खाली आले.

त्यानंतर गावाचे दोन तट पडले. चहावाले म्हणायचे, हात चहाचाच होता, बोट वाकलेलं होतं. मतवाले म्हणायचे, चहा हे निमित्त, हमीदशेठ आधीच फुटला होता, अत्तर कशाला लावून आला होता मग? नाक्यानाक्यावर लोक हात वर करून बोट किती वाकवलं तर चहा आणि किती सरळ ठेवलं तर मत याची प्रात्यक्षिकं करायचे, आणि रामलखन बिचारा त्या प्रत्येक हाताला चहा नेऊन द्यायचा. त्या आठवड्यात भिवंडीत इतका चहा प्यायला गेला की खाडीला भरती आली ती दुधाळ रंगाची. हमीदशेठनं मात्र चहा सोडला. ज्या माणसाच्या नसांतून रक्ताच्या आधी चहा वाहायचा, त्यानं कपाला हात लावला नाही. आपल्या शेडमध्ये तो हात मागं बांधून फिरू लागला. चुकूनही वर जाऊ नयेत म्हणून.

आप्पा शेतावर गेला. कापणी चालूच होती. मीही गेलो, माझा जुना भोंगा आणायला. आप्पानं तो पाखरं हाकलायला शेतात लावला होता आणि त्यावर स्वतःच्याच जुन्या भाषणांची कॅसेट वाजवायचा. "बंधू आणि भगिनींनो," असा आवाज आला की चिमण्यांचा अख्खा थवा उडायचा. "बग," आप्पा म्हणाला, "आता ही पन सोडून चालली."

तेवढ्यात बांधावर हमीदशेठ दिसला. चिखलात काळे बूट, पांढरी टोपी, आणि मागं बांधलेले हात. आप्पानं त्याला पाहिलं आणि तो पुन्हा वाकून कापू लागला.

"या हमीदभाई," यमुनाकाकी म्हणाली. "बूट काढा, न्हायतर शेतान रुजतील."

"बसायला न्हाय आलो वहिनी." हमीदशेठ बांधावरूनच म्हणाला, "दामू. मी चहा मागितला होता."

"आयकलं सगल्या गावानं."

"गावाचं सोड. तू मानतोस का?"

विळा थांबला. आप्पा कमरेवर हात ठेवून सरळ झाला. "तवा यवरं अत्तर कशाला लावलं व्हतंस?"

"गुडघे."

"कं?"

"गुडघे दुखतात माझे, यार. एवढी वर्षं उभं राहून काय होणार? हकीम बोलला अकलोलीला जा, गरम पाण्यात बस. मी गेलो, तर आपली निम्मी पार्टी पाण्यात! गजा छातीभर पाण्यात उभा राहून भाषण करतोय. मला बोलला, या शेठ, तुमचीच वाट बघत होतो. मी बोललो, मी गुडघ्यांसाठी आलोय, दामूला पाडायला नाही. तसाच ओल्या पंच्यानं परत आलो."

"मंग मना सांगलं का न्हाय?"

"सांगायलाच येत होतो. तर कळलं तू माणसं हुंगतोयस." हमीदशेठचा आवाज चढला, आणि मग एकदम उतरला. "मी घाबरलो. अत्तर ओतलं आणि आलो. वाटलं, तू विचारशील, मी सांगेन, आपण हसू. तू माझ्याजवळ आलास. हुंगलंस. आणि भाताचा भाव सांगत बसलास. दामू, एवढ्या वर्षांत तू मला कधी हुंगलं नव्हतंस."

भोंग्यावरची कॅसेट संपली होती. नुसतीच खरखर येत होती. मी ती बंद केली.

आप्पा बांधापर्यंत आला, हातातला विळा कापलेल्या भातावर ठेवला आणि हमीदशेठच्या बुटांशेजारी बसला. मग म्हणाला, "इचाराया पायजे व्हतं मी."

"हो."

"ही बोलली व्हती. मी आयकलं न्हाय."

"तुमी कदी आयकताव?" यमुनाकाकी तिकडून म्हणाली.

मग आप्पानं मान वर केली, आणि त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक मला दिसली, शेजारच्या मागावरून खाणाखुणा करणाऱ्या पोराची असावी तशी. "हमीद, एक सांग. कटिंग व्हता का फुल?"

"कटिंग."

"मंग मी अर्ध्याच मतानं पडलू की!"

त्यावर ते दोघं जे हसले, त्यानं अंजूरपासून मानकोलीपर्यंतची पाखरं उडाली, आणि मला वाटतं काही अजून खाली उतरलेली नाहीत. यमुनाकाकीनं चुलीवरून चहा आणला. हमीदशेठ कपाकडं बघत राहिला. "घ्या," काकी म्हणाली, "चहाच हाय, मत न्हाय." आणि मग त्यानं मागं बांधलेले हात सोडले.

आता नव्वदीही संपत आलीय. परवा मानकोलीला गेलो तर जिथं भात असायचा तिथं गोडाऊनांचे निळे पत्रे उभे राहतायत, आणि ट्रकवाला मला विचारतो, "चाचा, खाडी किधर है?" मी म्हणालो, "बेटा, तू खाडीमेंच खडा है." पुष्कळ काही गेलं. पण मी हळहळायला बसलो तर माझा धंदा बुडेल, आणि खरं सांगायचं तर हळहळण्यासारखंच सगळं घडलं असंही नाही.

कारण त्या कापणीनंतरच्या रविवारी आप्पा काठी घेऊन पुन्हा गटारांवर निघाला. पद नाही, पार्टी नाही, बरोबर एकटा हमीदशेठ, तोही लंगडत. लोकांना वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झाला. पण गटाराला कुठं माहीत होतं की खुर्ची गेलीय? आप्पानं काठी घातली, हमीदशेठनं शेडमधले दोन कामगार बोलावले, आणि तुंबलेलं वाहतं झालं. पुढच्या रविवारी मोहल्ल्यातल्या बाया दारात उभ्या राहून दाखवू लागल्या, इथं बघा, तिथं बघा. त्या पुढच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी फक्त गुडघ्याइतकं आलं. त्याआधी ते इतकं यायचं की मांजरं उंदरांच्या पाठीवर बसून पलीकडं जायची.

गजाभाऊ नगराध्यक्ष झाले, आणि जिथं जातील तिथं बाया विचारायच्या, "तुमी कवा येनार रविवारी? आप्पा येतो." कडक इस्त्रीच्या माणसाला हे किती दिवस सहन व्हावं? एका रविवारी तेही निघाले, आप्पाच्या मागं दहा पावलं अंतर ठेवून, जणू सहज त्याच रस्त्यानं चाललेत. पुढं त्यांच्याच पार्टीतल्या पोरांनी त्यांनाही अकलोलीला न जाता, गावातच बसून, पाडलं. त्या संध्याकाळी ते आप्पाच्या ओटीवर आले. आप्पानं त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "कं झालं, गजाभाऊ?" हुंगलं नाही. विचारलं. यमुनाकाकी दारात उभी होती. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला हे कुठंतरी लिहून ठेवावंसं वाटलं.

परवाचा रविवार. तेच ऊन, तेच दोन वास. फेरी संपवून सगळे रामलखनच्या दुकानात बसले होते. किटली जाऊन त्याचं आता दुकान झालंय, बाकडी आहेत, मिशा पांढऱ्या आहेत. आप्पा, हमीदशेठ, पायजमा दुमडलेले गजाभाऊ, चार नवे नगरसेवक, मोहल्ल्यातल्या दोन बाया, मी. शेजारी लूम धडधडत होते, त्यामुळं कुणी बोलत नव्हतं. हमीदशेठला आता काहीच ऐकू येत नाही, म्हणजे आता तो पूर्ण भिवंडीकर झाला. रामलखननं भुवई उडवली.

हमीदशेठनं हात वर केला. तर्जनी अर्धी.

मग गजाभाऊंचा हात वर गेला. मग नगरसेवकांचे, बायांचे, माझा. आप्पा मात्र एकेक हात बघत बसला होता, अगदी ठाण्याच्या साहेबांसारखा. हमीदशेठनं त्याच्याकडं पाहिलं, त्याचं मनगट धरलं, आणि त्याचाही हात वर केला.

तेवढ्यात लाईट गेली. लूम थांबले. शांतता पडली, आणि त्या शांततेत आप्पा रामलखनला म्हणाला,

"लिहून घे रं. एकमतानं मंजूर."